तबकडीची उचकी

आमच्या दारावर पाटी आहे, 'वाकड्या तबकड्या सरळ करून मिळतील.' पाटी दादाने स्वतः रंगवली आणि नेमका 'सरळ' हा शब्दच तिरका गेला. ती लावली त्याच आठवड्यात कोणीतरी खाली खडूने लिहून गेलं, 'आणि माणसं?' मी ओलं फडकं घेऊन धावले, तर दादा म्हणाला, "राहू दे गं. रास्त प्रश्न आहे." मी पुसलंच. पण गल्लीत नाव पडायचं ते पडलं. दादा इस्त्रीवाला आणि मी इस्त्रीवाली. अजूनही एखादा नवा भाडेकरू शर्टांचं गाठोडं घेऊन दारात उभा राहतो. मी त्याला पाटी मोठ्याने वाचायला लावते आणि मगच परत पाठवते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने लग्न केलं नाही, मीही नाही. का, ते नातेवाइकांनी पुष्कळ वर्षं विचारलं, मग ते थकले, आणि आता विचारणारंही फारसं कोणी उरलेलं नाही. तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता, मी एका शाळेच्या कचेरीत. दोघंही निवृत्त झालो तेव्हा त्याने एका बंद पडलेल्या बेकरीतला ओव्हन आणून पुढच्या खोलीत ठेवला आणि हा उद्योग सुरू केला. गेल्या वर्षी दादा गेला. ओव्हन आहे, पाटी आहे, मी आहे.

काम ऐकायला सोपं आहे. गाण्याची तबकडी उन्हात राहिली, गाडीत विसरली, कपाटात तिरकी टेकवून ठेवली की तिला पोक येतं. मग सुई तिच्यावरून होडीसारखी वरखाली जाते आणि गाणाऱ्याचा सूर हलतो. अशी तबकडी आधी नीट धुवायची, कारण धुळीचा एक कण राहिला तरी तो कायमचा रुतून बसतो. मग ती दोन काचांच्या मध्ये ठेवायची आणि ओव्हनमध्ये सावकाश तापवायची. हाताला चटका बसेल पण फोड येणार नाही, इतपतच. त्याहून जास्त झालं की बारीक खाचा बुजतात आणि गाण्याच्या जागी नुसती खरखर उरते. ओव्हनच्या स्वतःच्या काट्यावर दादाचा विश्वास नव्हता. "तो बेकरीत वाढलाय, त्याला केकच कळतात," असं म्हणून त्याने आत वेगळा तापमापक बसवला होता.

ताप बरोबर लागला की वरच्या काचेच्या वजनानेच तबकडी हळूहळू खाली बसते. तेव्हा ओव्हन बंद करायचा आणि दार उघडायचं नाही. इथेच सगळे चुकतात. गरम तबकडी घाईने बाहेर काढली की ती पुन्हा आपल्या वळणावर जाते, जित्याची खोड म्हणतात तशी. तिला काचांमध्येच, तिच्या गतीने गार होऊ द्यावं लागतं. दादा म्हणायचा, "तापवायला अक्कल लागत नाही. निवू द्यायला लागते." हे तो तबकडीबद्दल म्हणायचा आणि माझ्याबद्दलही. लहानपणापासून राग माझ्या नाकावर, म्हणून त्याने माझं नाव ठिणगी ठेवलं होतं. साठी उलटली तरी मी ठिणगीच राहिले.

खालची काच चांगलीच जड आहे. ती एकट्याने उचलायची नाही असा आमचा नियम होता. दादा एका बाजूला, मी दुसऱ्या. दर वेळी तो विचारायचा, "धरलंस?" मी म्हणायचे, "धरलं, उचल." इतक्या वर्षांत मी एकदाही नुसती उभी राहिले नव्हते, तरी विचारायचा. मी वैतागायचे, "दिसत नाही का धरलंय ते?" आता मी काचेखाली जुना टॉवेल सरकवते आणि टॉवेल ओढत ओढत काच टेबलावर आणते. जमतं. फक्त ओढायच्या आधी माझ्या तोंडून "धरलं" निघून जातं. खोलीत ऐकायला कोणी नसतं, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही, पण वाटते.

घरात एक तबकडी अशी होती जी दादाने कधीच सरळ केली नाही. लहान, एका बाजूला एक गाणं. आम्ही शाळेत असताना वडिलांनी ती आणली आणि आईने पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीत ठेवली. कडेला एक लाट आली. तबकडी फिरते तशी ती लाट दर फेऱ्याला सुईखाली येतेच, पण शब्द धावत असले की कानाला कळत नाही. पहिल्या कडव्याच्या शेवटी मात्र गाणारी बाई एक सूर लांब धरते. तिथे तो सूर खाली घसरायचा आणि पुन्हा वर चढायचा. आम्ही त्याला उचकी म्हणायचो. ती जागा आली की दादा गंभीर तोंड करून सांगायचा, "बाईंची कोणीतरी आठवण काढतंय." स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "मग पाणी द्या तिला." आमच्या घरात विनोद फार नव्हते, त्यामुळे हा एकच पुष्कळ वर्षं पुरला.

गाणं मी त्या तबकडीवरूनच शिकले, उचकीसकट. दुसरीकडे कुठे ते ऐकलंच नव्हतं, तर उचकी गाण्यातली नाही हे मला कळणार कसं? शाळेत गाण्याच्या बाईंनी एकेकीला उभं करून म्हणायला लावलं, तेव्हा मी मान ताठ करून म्हटलं. सूर लांब धरला, खाली नेला, वर आणला. बाईंनी पेटी थांबवली आणि विचारलं, "मध्येच उचकी लागली का गं?" अख्खा वर्ग हसला. त्या शब्दावर आमच्या घराची मालकी होती, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक.

घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि तबकडी फोडायला निघाले. दादाने ती हिसकावून घेतली आणि माझा हात पोचणार नाही इतकी उंच धरली. "त्यांच्याकडच्या सगळ्या तबकड्या चुकीच्या आहेत," तो म्हणाला. "आपली तेवढी बरोबर आहे."

मी लहान असले तरी बावळट नव्हते. "मग सगळ्या हसल्या का?"

"तू एकटीने म्हटलंस म्हणून. एकट्याने म्हटलं की चूक असते. दोघांनी म्हटलं की ती चाल होते."

त्या दिवसापासून दादा ते गाणं उचकी घालूनच म्हणायला लागला. पाहुण्यांसमोर, दुकानात, रस्त्याने चालताना. लोक हसायचे, कोणी कोणी सुधारायला जायचे, आणि हा पठ्ठ्या पुन्हा तसंच म्हणायचा. मला एकटीला चुकीचं म्हणावं लागू नये, एवढ्यासाठी त्या माणसाने जन्मभर एक सूर मुद्दाम चुकवला. त्याचं मला काय वाटतं ते मी त्याला कधी सांगितलं नाही. आम्ही तसलं बोलणारे नव्हतो. पुढे हा धंदा सुरू झाल्यावर एकदा मी टोमणा मारला, "जगाच्या सरळ करतोस आणि घरातली तशीच." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तिला कुठे काय झालंय?"

शेवटचे काही आठवडे दादा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दवाखान्यात होता. वॉर्डात रात्री नातेवाइकांना थांबू देत नव्हते. रोज एवढ्या लांब जाणं-येणं झेपेना, म्हणून मी दवाखान्याजवळ मावसबहिणीकडे राहिले. उन्हाळ्याचे दिवस, घर बंद, आणि पुढच्या खोलीच्या खिडकीवर दिवसभर ऊन. मी परत आले ती एकटीच. कपाट उघडलं तर तबकड्या कलंडून एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. बाकीच्या बचावल्या. जी आधीच वाकलेली होती ती मात्र पार उठली. मी ती लावली, तर सुई पहिल्याच फेऱ्यात उडून बाहेर पडली. पुन्हा लावली, पुन्हा उडाली. दादा गेला आणि पाठोपाठ उचकीही गेली.

आता इकडे आड, तिकडे विहीर. तबकडी आहे तशी ठेवली तर ती मुकी. सरळ केली तर बोलेल, पण जगातल्या बाकीच्या तबकड्यांसारखी बोलेल. मी ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. गाणं तोंडाने म्हणून बघायचे, तर नेमकी उचकीपाशी अडायचे. सूर किती खाली जायचा? वर येताना मूळ जागेवरच थांबायचा की आणखी काही करायचा? रोज वेगळीच उचकी यायला लागली. ताडून बघायला ना दादा होता ना तबकडी. मला भीती वाटायला लागली. आईचा आवाज मी असाच विसरले, आणि कधी विसरले ते कळलंसुद्धा नव्हतं.

मग मला तिसरी वाट सुचली. तबकडी अर्धीच सरळ करायची. सुई टिकेल इतकी खाली आणायची आणि उचकी उरेल इतकी वर ठेवायची. या धंद्यातल्या कोणालाही हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारून घेईल, कारण अर्धवट सरळ झालेली तबकडी म्हणजे फसलेलं काम. मला फसलेलंच काम हवं होतं, पण नेमकं हवं तेवढंच फसलेलं. वरची काच नेहमीपेक्षा हलकी घ्यायची, ताप कमी ठेवायचा, आणि ओव्हनच्या दारापाशी बसून दोन काचांमधल्या फटीवर नजर ठेवायची. सुरुवातीला त्या फटीत बोट जाईल. ती कमी होत होत आगपेटीच्या काडीएवढी राहिली की दार उघडायचं आणि वरची काच पटकन उचलायची. म्हणजे दादाच्या नियमाच्या अगदी उलट. टाकाऊ तबकड्यांवर मी हे करून बघितलं. एक फसली, एक जमली. या तबकडीला मात्र दुसरी संधी नव्हती. तापवून लाट घालवता येते, तापवून तीच लाट परत आणता येत नाही.

दुपारी जेवण आटोपून मी बसले. तबकडी धुतली, पुसली, काचांमध्ये ठेवली. स्टूल ओव्हनसमोर घेतलं आणि हातात टॉर्च धरला. ओव्हनच्या दाराची काच जुनी, धुरकट, पण फट दिसत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग फटीचं एक टोक किंचित खाली आलं. मी श्वास रोखून बघत होते. तसं करायची काही गरज नव्हती, ओव्हनला माझ्या श्वासाशी काय देणंघेणं?

फट पेन्सिलीएवढी झाली होती तेव्हा घंटा वाजली. मी उठले नाही. पुन्हा वाजली.

"दार उघडंच आहे," मी बसल्या जागेवरून ओरडले. "आणि इथे शर्टांना इस्त्री होत नाही."

एक बाई आत आली. पन्नाशीची, बारीक, पायात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाचे सपाट बूट. हातात कापडी पिशवी. "शर्ट नाहीत," ती म्हणाली. "तबकडी आहे."

"टेबलावर ठेवा आणि परवा या."

"जरा बघता का? हिच्यात काहीतरी बिघाड आहे."

"बघते म्हटलं ना. परवा."

ती हलली नाही. असली माणसं मला माहीत आहेत. आवाज चढवत नाहीत, आणि काम झाल्याशिवाय जातही नाहीत. तिने पिशवीतून तबकडी काढून माझ्या नजरेसमोर धरली. मधल्या गोल कागदाचा रंग मी लांबूनच ओळखला. तेच गाणं. मी टॉर्च हातात तसाच ठेवून उठले, तिची तबकडी डोळ्याच्या रेषेत धरून फिरवून बघितली. कुठे पोक नाही, कुठे लाट नाही.

"हिला काहीही झालेलं नाही. चांगली सपाट आहे."

"पण हिच्यात एक जागाच नाहीये," ती म्हणाली.

"कसली जागा?"

"पहिलं कडवं संपतं ना, तिथे सूर खाली जाऊन वर येतो, ती. मी पुन्हा पुन्हा लावून बघितली. सूर आपला सरळ निघून जातो. मला वाटलं, जुनी तबकडी आहे, वाकली असेल, म्हणून ती जागा गेली असेल. तुम्ही सरळ केलीत तर परत येईल का?"

तबकडी बिघडली म्हणून गाणं बरोबर झालं, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं.

"कशी ती जागा? म्हणून दाखवा."

"मला गाता येत नाही हो."

"मी कुठे बक्षीस देतेय? म्हणा."

तिने पिशवीचे बंद दोन्ही हातांत घट्ट धरले आणि म्हटलं. आवाज बारीक, जरा कोरडा. शब्द धावत आले, मग लांब सूर लागला. तो खाली गेला. मी रोज न्यायचे त्यापेक्षा बराच खाली, आणि सावकाश. मग वर चढला, मूळ जागा ओलांडून एक केसभर पलीकडे गेला, आणि मग परत येऊन जागेवर बसला. ते पलीकडे जाणं. तेच मी विसरले होते.

"कोणी शिकवलं?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी ते तिच्या तोंडून यायला हवं होतं.

"मी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात मला रात्रपाळी होती, तेव्हा आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. त्यांना झोप लागायची नाही आणि मला झोपायची परवानगी नव्हती." ती थोडं हसली. "सुई टोचायला गेले की म्हणायचे, आधी एक ओळ म्हणा सिस्टर, नाहीतर हात देणार नाही. मी चुकले की परत म्हणायला लावायचे. 'उचकी नीट द्या.' आणि मग म्हणायचे, 'दोघांच्याही धंद्यात सुईच आहे, जपून टेकवा.' त्यांनीच सांगितलं होतं, बहीण तबकड्या सरळ करते. पाटीवर 'सरळ' हा शब्द तिरका आहे, तीच खूण. गाणं आवडलं म्हणून मी ही तबकडी जुन्या बाजारात शोधत होते, ती आत्ता कुठे मिळाली." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "ठिणगी म्हणजे तुम्हीच ना? तुम्ही शर्टांवरून ओरडलात तेव्हाच मला वाटलं."

वर्षभर मला एक गोष्ट खात होती. दिवसा मी दादाच्या उशाशी असायचे, पण रात्री तो एकटा पडून छताकडे बघत असेल, आणि मी मावसबहिणीच्या घरी झोपलेली असेन. तर तो एकटा नव्हता. तो गाणं शिकवत होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटायच्या आधी मला हेवाच वाटला. माझ्या घरातली एकुलती एक वस्तू त्याने कोणा परक्या बाईला देऊन टाकली होती, आणि ती तिने माझ्यापेक्षा नीट जपली होती.

"आणखी काय म्हणायचा?"

ती आठवत राहिली. "एकदा म्हणाले, 'आमच्याकडे हे म्हणणारी आता एकटीच राहील.' मला तेव्हा नीट कळलं नाही. मी म्हटलं, मग मला पक्कं येऊ दे, परत सांगा. ते परत सांगायला लागले."

मग माझं लक्ष हातातल्या टॉर्चकडे गेलं. मी ओव्हनकडे धावले. दारापाशी वाकून उजेड टाकला. फट नव्हती. काडी सोडाच, दोन काचांच्या मध्ये केसही शिरला नसता. हलक्या काचेखाली, कमी तापावर, तबकडीने आपलं काम पुरतं करून टाकलं होतं.

कोणावर चिडावं ते कळेना म्हणून मी सगळ्यांवर चिडले. घंटेवर, दादावर, पिशवी धरून उभ्या असलेल्या त्या बाईवर. एवढी वर्षं टिकलेली उचकी, आणि हिला हीच दुपार मिळाली होती? सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिने मागून विचारलं, "माझ्यामुळे काही बिघडलं का?"

तापवायला अक्कल लागत नाही. मी बटण फिरवून ओव्हन बंद केला आणि दार तसंच बंद ठेवलं. "नाही," मी म्हटलं. "काम झालंय. आता निवू द्यायचं. बसा."

"वेळ लागेल?"

"लागेल."

"लागू दे. घरी वाट बघणारं कोणी नाहीये," ती म्हणाली. आज सुट्टी आहे म्हणावं, तितक्या साधेपणाने म्हणाली.

मी चहा केला. ती स्टुलावर बसली, मी खिडकीशी. ती तिच्या वॉर्डाबद्दल थोडं बोलली, मी शर्टवाल्या भाडेकरूंबद्दल बोलले. ती हसली. बाकी वेळ आम्ही गप्प होतो. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं. मधूनच ओव्हनचा पत्रा गार होताना टक्क वाजत होता. या घरात कोणाबरोबर गप्प बसून मला वर्ष झालं होतं.

तापमापक उतरल्यावर मी दार उघडलं आणि सवयीने टॉवेल घ्यायला वळले.

"मी धरू का?" ती उठून आली.

"त्या बाजूने धरा. जड आहे."

आम्ही दोघी वाकलो. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "धरलंत?"

"धरलं, उचला."

मी लगेच उचललं नाही. तिने मान वर करून बघितलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि उचललं.

तबकडी काचेवर निपचित पडली होती. इतकी सपाट मी ती कधी बघितली नव्हती. मी ती लावली. सुई टेकली आणि टेकलेलीच राहिली. खरखरीतून वाद्यं आली, मग त्या बाईंचा आवाज. पहिलं कडवं संपत आलं. लांब सूर लागला आणि सरळ निघाला, शेवटपर्यंत सरळ. खरं सांगायचं तर सुंदर होता. गाणाऱ्या बाईंची त्यात काहीच चूक नव्हती. मला रडू आलं, ते मी थांबवलं नाही.

"अहो, तुमच्याकडचीही तशीच," नर्स म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "तुमच्याही तबकडीत ती जागा नाही."

मला तिला सगळं सांगता आलं असतं. खिडकी, ऊन, कडेची लाट, आणि आजची दुपार. ती समजूतदार बाई होती, तिला कळलंही असतं. आणि मग पुढच्या वेळी त्या जागेवर आल्यावर तिने सूर सरळ नेला असता.

"त्यांच्याकडच्या सगळ्या तबकड्या चुकीच्या आहेत," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"सगळ्या. आमच्या दादाने तपासल्या होत्या."

तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली. "मग आता?"

"आता काय? तोंडाने म्हणायचं."

मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. पहिल्या ओळीला तिचा आवाज लाजत होता, माझा चिरकत होता. कडव्याच्या शेवटी तबकडीतल्या बाईंनी सूर धरला, आम्हीही धरला. मग त्या सरळ गेल्या आणि आम्ही खाली उतरलो, सावकाश वर चढलो, केसभर पलीकडे गेलो आणि जागेवर आलो. तोवर गाणं पुढे निघून गेलं होतं. आम्ही दोघी बरोबर एका उचकीने मागे राहिलो होतो.